नव्या इंजिनाच्या मागावर

गावात कुणी नवा बैल आणला की माणसं बघायला जातात. कितीला पडला, कुठल्या बाजारातला, दात किती, चाल कशी, हे विचारल्याशिवाय कुणी परतत नाही. नव्या ट्रॅक्टरचंही तेच. रेल्वेच्या इंजिनाची अशीच चौकशी करणारी माणसं आपल्या देशात आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. कारखान्यातून विजेचं नवं इंजिन बाहेर पडलं की ते कोणत्या शेडला दिलं, वाटेत कोणत्या स्टेशनात दिसलं, पहिली गाडी कोणती ओढली, याची नोंद ही मंडळी वहीत करतात, फोटो काढतात. त्यात कॉलेजची पोरं आहेत तशी पिकल्या केसांची माणसंही आहेत. याचे त्यांना कुणी पैसे देत नाही.

छंद जुना आहे. इंग्लंडात १९४२ साली इयान ॲलन नावाच्या रेल्वेतल्या तरुण नोकरदाराने इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका काढली. लोक सारखे इंजिनांची माहिती विचारत, त्याला उत्तर म्हणून ती निघाली, आणि पोरांच्या त्यावर उड्या पडल्या. पुढे या पोरांचा क्लब निघाला. त्याचा महत्त्वाचा नियम असा, की सभासदाने रेल्वेच्या हद्दीत घुसायचं नाही. हा नियम लक्षात ठेवा, त्यावर पुढे बोलायचं आहे.

या मंडळींची भाषा अवघड नाही. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल वाचता येतं तसा इंजिनावरचा नंबर वाचता येतो. ‘डब्ल्यूएपी-७’ असं लिहिलेलं असतं. त्यात डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज आणि पी म्हणजे प्रवासी गाडीचं इंजिन. पी च्या जागी जी असेल तर ते मालगाडीचं. शेजारी पाच आकडी नंबर असतो, तो त्या एका इंजिनाचाच. बाजूला शेडचं नाव रंगवलेलं असतं. आपल्याकडे अजनी, कल्याण, भुसावळ, पुणे ही नावं दिसतात. कारखान्याची पाटी बघितली की इंजिन कधीचं हे कळतं.

या नोंदवह्यांतून बराच इतिहास हाती लागतो. पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० साली वाफेची इंजिनं होऊ लागली. तिथलं पहिलं विजेचं इंजिन १९६१ साली तयार झालं आणि त्याला नाव दिलं ‘लोकमान्य’, आपल्या टिळकांचं. ते डीसी विजेवर चालणारं होतं. मुंबई परिसरात ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून तिथे १५०० व्होल्टची डीसी वीज होती. बाकी देशात २५ हजार व्होल्टची एसी आली. त्यामुळे दोन विजांच्या हद्दीवर इंजिन बदलावं लागे. इगतपुरीला गाडी थांबून राहायची, ते जुन्या प्रवाशांना आठवत असेल. २०१६ पर्यंत मुंबईतले मार्गही एसीवर आले आणि ती कटकट संपली.

मधल्या काळात इंजिनही बदललं. १९९५ साली एबीबी कंपनीची डब्ल्यूएपी-५ जातीची इंजिनं परदेशातून आली. ते तंत्र चित्तरंजनने शिकून घेतलं. २००० साली तिथे डब्ल्यूएपी-७ चं पहिलं इंजिन झालं. नंबर ३०२०१, नाव ‘नवकिरण’. मालगाडीच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनाचे गिअर बदलून ते केलेलं होतं. ओढ थोडी कमी करून वेग वाढवला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ताकद सहा हजार अश्वशक्तीच्या वर. पन्नास अश्वशक्तीचे सव्वाशे ट्रॅक्टर एकाला जुंपले असं समजा. पुढे वाराणसी आणि पतियाळाच्या कारखान्यांतही ही इंजिनं होऊ लागली.

आता शेतकऱ्याला याचं काय? एक तर घाट उतरताना हे इंजिन ब्रेक लावता लावता वीज तयार करून तारेत परत देतं. दुसरं, डब्यांतले दिवे, पंखे, एसी यांना लागणारी वीज ते तारेतूनच पुरवतं. त्यासाठी गाडीला लावलेल्या जनरेटरच्या दोन डब्यांपैकी एकाच्या जागी बसायची आणि सामानाची सोय असलेला डबा जोडता येतो.

पण तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती ग्रामसेवक, पोलीस पाटील, शिक्षक यांनीही ध्यानात घ्यावी. डिझेल इंजिनाची धडधड लांबून ऐकू येई. विजेचं इंजिन त्या मानाने गुपचूप येतं आणि वेगात येतं. रुळावरून घरी जाणाऱ्याला, शेळ्या घेऊन रूळ ओलांडणाऱ्याला ते जवळ येईपर्यंत कळत नाही. मोबाइलवर फोटो काढायला पोरं रुळालगत उभी राहतात, तेव्हा तर लक्ष स्क्रीनवरच असतं. खरा छंदवाला प्लॅटफॉर्मवर, पिवळ्या पट्टीच्या आत किंवा कुंपणाबाहेर उभा राहतो. रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी किंमत जिवाची आहे.

वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिला हात लागायलाच हवा असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी झटका बसू शकतो. म्हणून निदान दोन मीटर दूर राहावं. पाला तोडायची लांब आकडी, ओला बांबू, स्प्रिंकलरचे ॲल्युमिनियमचे पाइप खांद्यावर उभे धरून रेल्वेच्या कडेने जाऊ नये. आडवे धरावेत. फाटकाच्या दोन्ही अंगाला उंचीची कमान असते, ती ४.६७ मीटरची, म्हणजे साधारण सव्वापंधरा फूट. उसाची ट्रॉली, कडब्याची गाडी, बोअरचं मशीन तिला घासत असेल तर माल उतरवून कमी करा. कमान चुकवून जायचा विचारही करू नका. मालावर माणूस बसलेला असेल तर त्याला फाटकाआधी खाली उतरवा. तार तुटून पडलेली दिसली तर जवळ न जाता स्टेशन मास्तरांना किंवा १३९ या नंबरावर कळवा.

शाळेतल्या पोराला या इंजिनांचं वेड लागलं तर त्याला रागावू नका. वही द्या, सोबत स्टेशनावर न्या, तारीख, वेळ, नंबर लिहायला लावा. रोज बघून रोज लिहायची सवय फार कामाची आहे. पावसाच्या, दुधाच्या, फवारणीच्या नोंदी ठेवा म्हणून आम्ही शिवारोशिवारी सांगत फिरतो, ते घरच्या पोराने आधी शिकलं तर आमचं अर्धं काम झालं.