जुनी पॉइंट टू-टू रायफल घेतांना

२०१० सालीं कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिक येथें पन्नास मीटर रायफल प्रकारांत जगज्जेत्या ठरल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. अशीं उदाहरणें डोळ्यांपुढें असतां घरांतील एखादी कन्या नेमबाजीच्या नादीं लागली, तर नवल नाहीं. अडचण पैशाची येते. जर्मनींतील उल्म येथें घडणारी आन्शुट्झ रायफल नवी घ्यावयाची, तर किंमत लाखांच्या घरांत जाते. अशा वेळीं खेळांतून निवृत्त झालेला कोणी नेमबाज आपली जुनी रायफल निम्म्या किंमतींत देऊं करतो, आणि वडील मंडळी विचारांत पडतात.

प्रथम कायद्याचें पाहूं. १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवाना एकवीस वर्षें पूर्ण झालेल्यासच मिळतो. त्याहून लहानांनीं नियमांच्या चौकटींत, देखरेखीखालीं शिकावयाचें असतें. परवानाधारकास आपलें हत्यार दुसऱ्या परवानाधारकास विकतां येतें. परंतु घेणाऱ्याचें नांव व पत्ता जिल्हाधिकाऱ्यांस अथवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावें लागतें. 'आजच घेऊन जा, कागदपत्रांचें मागाहून पाहूं,' असें म्हणणाऱ्यास तिथेंच नमस्कार करावा. कारखान्याचें नांव वा क्रमांक खोडलेला दिसल्यासही तेंच.

आतां रायफल हातीं घेऊं. तोंड निर्धोक दिशेस धरून बोल्ट मागें ओढावा आणि आंत काडतूस नाहीं याची खात्री डोळ्यांनीं करून घ्यावी. विकणारा किती का भला गृहस्थ असेना!

या रायफलीच्या नळीचा व्यास सुमारें ५.६ मिलिमीटर असतो. १८८७ पासून प्रचारांत असलेलें तिचें काडतूस अगदीं सौम्य. गोळी साध्या शिशाची, वजन अदमासें अडीच ग्रॅम. त्यामुळें हजारों गोळ्या सुटूनही चांगली नळी सहसा झिजत नाहीं. ती बिघडते ती बहुधा मालकाच्या हातून. कित्येक जण सफाईची लोखंडी सळई पुढच्या तोंडांतून घालतात. ती एका बाजूस घांसत राहिली कीं तोंडाची कड विषम होते. गोळीचा शेवटचा स्पर्श याच कडेला होत असल्यानें येथील ओरखडा नेम बिघडवितो. म्हणून भिंग घेऊन ही कड निरखावी. मग मागून उजेडाकडे नळी धरावी. आंतील वळणाऱ्या चऱ्या स्वच्छ चमकल्या पाहिजेत. मध्येंच एखादें काळपट कडें दिसलें, तर अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेली असावी व नळी तेथें फुगली असावी. हा दोष असाध्य समजावा. बारीक खड्डे हे गंजाचे. जुन्या प्रकारच्या दारूचा क्षार पुसावयाचा राहून गेला, म्हणजे ते पडतात.

आणखी एक खूण फारसे कोणी पाहत नाहीं. या काडतुसांत ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मध्यभागीं नसून कडेच्या वळींत असतो, म्हणून घोड्याची पिन कडेवर आपटते. रिकाम्या रायफलीचा चाप पुनःपुन्हां ओढण्याची खोड मालकास असेल, तर कांहीं रायफलींत पिन नळीच्या मागील काठावर आदळून तेथें खांच पडते, आणि मग काडतूस अडखळतें. खांच लहान असल्यास जाणता कारागीर ती दुरुस्त करूं शकतो. परंतु तेवढा खर्च किंमतींतून वजा करून मागावा.

दस्ता खरचटलेला, रंग उडालेला असेल, तर आनंदच मानावा. त्यानें किंमत उतरते, नेम नव्हे. मात्र मुलीच्या खांद्यास तो लांब पडतो काय, हें तिच्याच खांद्याला लावून पाहावें.

अखेर क्लबाच्या मैदानांत, मालकाच्या समक्ष, रायफल टेकूवर ठेवून पन्नास मीटरवर दहा गोळ्या झाडवून घ्याव्या. लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. प्रत्येक नळीस एखादें विशिष्ट काडतूस मानवतें. तेव्हां दोन-तीन प्रकारचीं काडतुसें बरोबर न्यावींत, आणि एकाही प्रकारांत गोळ्या एकत्र न बसल्या तर सौदा तेथेंच सोडावा.