लांब कान, आखूड कान

परभणी जिल्ह्यात जिंतूरकडच्या माळावर किंवा तुरीच्या शेतात अगदी पायाजवळून उसळी मारून पळणारा ससा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. हा भारतीय ससा, शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकोलिस. पिंजऱ्यातला पांढरा ससा वेगळा. त्याचे पूर्वज बिळात राहणारे. त्याची पिल्ले जन्मतः केसांविना, डोळे मिटलेली असतात. रानससा बीळ करत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात.

याच लेपस प्रजातीतला आर्क्टिक ससा ग्रीनलंड व उत्तर कॅनडातील बर्फाळ प्रदेशात राहतो. तो आपल्या सशाहून सहसा वजनदार. त्याचे कान मात्र आखूड, केस दाट आणि हिवाळ्यात पांढरेशुभ्र. असे का?

एक प्रयोग करू. दोन सारख्या प्लास्टिकच्या पिशव्यांत प्रत्येकी पाव लिटर कोमट पाणी भरा. एकीचा घट्ट गोळा बांधा. दुसरी सैल बांधून फळीवर चपटी पसरा. गोळाही फळीवरच ठेवा. अर्ध्या तासाने तापमान मोजा. चपटी पिशवी अधिक निवते, कारण तेवढ्याच पाण्याला पृष्ठभाग जास्त मिळतो. लांब, पातळ कान म्हणजे अशीच चपटी पिशवी. थंड प्रदेशातील प्राण्यांचे कान, पाय, शेपूट आखूड असतात, हे जोएल ॲलन यांनी 1877 मध्ये मांडले. या नियमाला अपवादही आहेत.

‘लांब कान शरीर थंड ठेवतात’ एवढ्या उत्तरावर मात्र आपण थांबू नये. सशाच्या शरीराचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात परभणीचा पारा अनेकदा 42 च्या पुढे जातो. उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. मग भर दुपारी हवेतली उष्णता कानांवाटे उलट आतच शिरेल! म्हणजे कान उपयोगी पडतात ते हवा शरीरापेक्षा थंड असताना, संध्याकाळी आणि रात्री. ससा चरायला निघतो तोही त्याच वेळी. दुपारी त्याला वाचवते ती झुडपाची सावली.

उन्हाळ्यात बांध पेटवले की ही सावली जाते. धोका दिसताच निपचित पडून राहणे हाच पिल्लांचा बचाव. आगीपुढे तो चालत नाही. शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. बांधावरचे झुडूप राखणे मात्र आपल्याच हाती आहे.