गाडी किती खाली आणायची?

घरात बावीस-चोवीस वर्षांचा मुलगा आणि दारात स्विफ्ट, पोलो किंवा आय-20 सारखी चपळ गाडी असेल, तर स्प्रिंगचा विषय कधी ना कधी दस्तरख्वानावर निघतोच. मुलाचे म्हणणे, गाडी दोन बोटे खाली आली की वळणावर रस्त्याला चिकटून चालेल, दिसेलही देखणी. अब्बांचे म्हणणे, कंपनीने विचार करूनच बनवली आहे, चालत्या गाडीला हात कशाला लावायचा? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण दोघेही बहुधा स्प्रिंगबद्दलच भांडत असतात, आणि खरा प्रश्न शॉकअपचा असतो.

स्प्रिंगचे काम गाडीचे वजन पेलणे आणि खड्ड्याचा धक्का झेलणे. पण दाबलेली स्प्रिंग उसळी मारते आणि बराच वेळ वरखाली होत राहते. ती उसळी शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाऊन थांबते. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी आहे. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर उसळीचा जोर वाढतो आणि ती आवरणारा हात मात्र तेवढाच राहतो. शिवाय गाडी खाली बसल्यामुळे शॉकअपचा दांडा कायम अर्धा आत गेलेला असतो, रबरी बंप स्टॉपवर वारंवार आदळतो आणि त्याचे सील लवकर गळू लागते. नुसती स्प्रिंग बदललेल्या गाडीचा मालक वर्षभरातच ‘गाडी उड्या मारते’ म्हणून गॅरेजमध्ये येतो, ते यामुळे.

नाशिककरांना ही वस्तू परकी नाही. 1961 मध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा एक कारखाना आपल्याच अंबड एमआयडीसीत आहे आणि तिथे शॉकअपच बनतात. आपल्या ओळखीपाळखीत अशा कारखान्यांत काम करणारे कोणी ना कोणी असतेच. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहण्याआधी त्यांच्याशी तासभर बोलावे, असे आम्हाला वाटते.

आता उंचीचा हिशेब. लहान गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण 160 ते 170 मिलिमीटर असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि 17 मीटर त्रिज्येचा गोलाकार हवा. अडीच मीटर अंतरावर चाके असलेली गाडी त्यावर चढली, तर तिच्या पोटाखालची जागा जेमतेम 45 मिलिमीटरने कमी होते. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून 30 मिलिमीटर खाली आणलेली गाडीही आरामात जाईल. पण गल्लीतल्या लोकांनी रात्रीतून सिमेंट ओतून केलेला उंचवटा मीटरभरही रुंद नसतो आणि वीतभर उंच असू शकतो. तिथे गाडीच्या पोटाला पूर्ण उंची मोकळी लागते. जुन्या नाशकातल्या गल्ल्या, वडाळा, पाथर्डी फाटा, रोज जिथून जायचे तिथले उंचवटे एकदा टेपने मोजून पाहा. या मोजणीला खर्च नाही आणि तिच्यावर पुढचे सगळे ठरते.

त्याहून महत्त्वाचा हिशेब माणसांचा. कामावर जाताना गाडीत एकटा मुलगा असतो, पण ईदला मालेगावला निघताना मागे दादी, अम्मी, धाकटी बहीण आणि डिकीत सामान असते. समजा, मागच्या दोन्ही स्प्रिंग मिळून दर 4 किलोला एक मिलिमीटर दबतात. 200 किलो भार मागच्या चाकांवर आला, की गाडी मागून 50 मिलिमीटर बसते. आता 30 मिलिमीटर खाली आणणारी, थोडी जास्त कडक स्प्रिंग घातली, जी 5 किलोला एक मिलिमीटर दबते. त्याच भाराने ती 40 मिलिमीटर बसेल. 30 आणि 40 मिळून 70 झाले. म्हणजे पूर्वीपेक्षा चाकाच्या वर 20 मिलिमीटर जागा कमी उरली, आणि प्रत्येक मोठा खड्डा रबरावर आदळणार. तो दणका सरळ दादीच्या कमरेत जातो. घरात कोणी गरोदर असेल किंवा मणक्याचा त्रास असलेले असेल, तर आमच्या मते हा बेत तेवढा काळ बाजूलाच ठेवावा.

म्हणून आमचा क्रम उलटा आहे. आधी शॉकअप. गाडी 60-70 हजार किलोमीटर चालली असेल तर जुने शॉकअप थकलेले असण्याचा संभव मोठा. मूळ उंचीवरच चांगले नवे शॉकअप, नवी माउंटिंग आणि बुश घालून कसारा घाट एकदा उतरून पाहावा. मुलाला हवी असलेली ‘चिकटून चालणारी’ गाडी बऱ्याचदा इथेच मिळते, आणि विषय संपतो. गंमत म्हणजे, नाशिकला भरलेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या कच्च्या रस्त्यांच्या शर्यतीत धावणाऱ्या गाड्या खाली आणलेल्या नसतात. त्या उंच असतात, आणि त्यांचा मोठा खर्च शॉकअपवर झालेला असतो.

तरीही उतरवायचीच असेल, तर 20 ते 25 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये आणि त्या उंचीसाठीच बनवलेला आखूड शॉकअप सोबत घ्यावा. बिल्स्टीनचे उदाहरण घेऊ. बी-6 मूळ उंचीसाठी असतो, बी-8 खाली आणलेल्या गाडीसाठी. खोक्यावरचे गाडीचे नाव पुरेसे नाही, भाग क्रमांक जुळवून पाहावा. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या अनेकदा इथल्या रस्त्यांसाठी मुद्दाम उंच केलेल्या असतात, त्यामुळे युरोपातल्या मॉडेलची ‘30 मिलिमीटर’ स्प्रिंग इथे त्याहून जास्त खाली आणू शकते.

स्प्रिंग कापून घेणे मात्र नकोच. वेढा कमी झाला की स्प्रिंग कडक होते खरी, पण तिचे बसायचे टोक जाते आणि चाक हवेत लटकले की ती जागेवरून सरकू शकते. कारखान्यात हेच काम तारेच्या जाडीवर होते. तार 12 ऐवजी 13 मिलिमीटर घेतली, तर बाकी सगळे तेच ठेवूनही स्प्रिंग सुमारे 38 टक्के कडक होते. इतक्या बारकाईचे काम रस्त्याकडेला ग्राइंडरने होत नाही.

कायद्याकडेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. तेव्हा पैसे देण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर विम्याचा दावा अडला, तर नुकसान एकट्या मुलाचे होत नाही, सगळ्या घराचे होते.

बसवताना स्प्रिंग दाबायचे चांगले कॉम्प्रेसर असलेले गॅरेजच निवडा, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जखमी होतो. नंतर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर आतल्या बाजूने खाल्ले जातील. हेडलाइटची दिशाही तपासून घ्या. मूळ स्प्रिंग आणि शॉकअप भंगारवाल्याला देऊ नका, तेल पुसून, नावाची चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा घरात पाळणा हलणार असेल, तेव्हा ते परत बसवता येतात.