पाचची गोळी, वीसची गोळी

सकाळी फिरून आलेल्यांच्या कट्ट्यावर हल्ली गोळ्यांचीही तुलना होते. ‘मला पाचचीच आहे. तुम्हाला वीसची? म्हणजे तुमचं जरा जास्तच दिसतंय!’ कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांच्या बाबतीत हा हिशेब हमखास चुकतो. सगळी स्टॅटिन्स यकृतातल्या एकाच एन्झाइमला रोखतात. त्यामुळे यकृत कोलेस्टेरॉल कमी तयार करते आणि रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अधिक ओढून घेते. फरक असतो तो ताकदीत, शरीरात टिकण्यात आणि इतर औषधांशी पटण्यात.

गैरसमज : आकडा मोठा, तर औषध जोरदार.
वस्तुस्थिती : मिलिग्रॅमवरून एकाच औषधाच्या दोन गोळ्यांची तुलना होते, दोन वेगळ्या औषधांची नाही. रोसुवास्टॅटिन ५, ॲटोर्वास्टॅटिन १० आणि सिम्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम एकाच, मध्यम पंगतीतले. एलडीएल साधारण ३० ते ४९ टक्के उतरवणारे. ते निम्म्यावर किंवा त्याखाली आणायचे असेल, तर रोसुवास्टॅटिन २० ते ४० किंवा ॲटोर्वास्टॅटिन ४० ते ८० द्यावे लागते. म्हणजे कट्ट्यावरचे ते दोघे कदाचित बरोबरीचेच असतील.

गैरसमज : डोस दुप्पट, तर गुणही दुप्पट.
वस्तुस्थिती : बहुतेक काम पहिला डोसच करतो. पुढच्या प्रत्येक दुपटीने एलडीएल सुमारे ६ टक्केच आणखी उतरते. म्हणून काही वेळा डोस वाढवण्याऐवजी आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण रोखणारे एझेटिमाइब जोडीला देतात.

गैरसमज : रोसुवास्टॅटिन नवे, म्हणून हृदयाला तेच अधिक चांगले.
वस्तुस्थिती : दक्षिण कोरियात हृदयाच्या रोहिण्यांचा आजार असलेल्या ४,४०० रुग्णांवर रोसुवास्टॅटिन आणि ॲटोर्वास्टॅटिन यांची समोरासमोर चाचणी झाली; निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तीन वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रोहिणीवरची शस्त्रक्रिया यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण रोसुवास्टॅटिनच्या गटात ८.७ टक्के, ॲटोर्वास्टॅटिनच्या गटात ८.२ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा नव्हता. रोसुवास्टॅटिनने एलडीएल किंचित जास्त उतरले. पण मधुमेहाची औषधे सुरू करण्याची वेळही थोड्या अधिक जणांवर आली.

गैरसमज : स्टॅटिन रात्रीच घ्यायचे.
वस्तुस्थिती : सिम्वास्टॅटिन शरीरातून लवकर निघून जाते आणि कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनते, म्हणून ते रात्री. ॲटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन बराच काळ टिकतात. ती रोज ठरलेल्या, विसरायला होणार नाही अशा वेळेला घ्यावीत.

गैरसमज : गोळी सुरू केली आणि अंग दुखू लागले, म्हणजे दोष गोळीचाच.
वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आलटून पालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली, तर काही महिने काहीच दिले नाही. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास पोकळ गोळीवरही जाणवला. दुखणे खोटे नव्हते. त्याचे कारण मात्र बहुधा गोळीतले औषध नव्हते. पण स्नायूंना खरी इजाही क्वचित होते. याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये बाजारातून काढून घेतले गेले. तीव्र दुखणे, अशक्तपणा, गडद लघवी अशी लक्षणे दिसली तर लगेच डॉक्टर गाठावा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स सिम्वास्टॅटिन आणि ॲटोर्वास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढवतात. तेव्हा कुठलेही नवे औषध घेताना स्टॅटिन चालू असल्याचे सांगावे. एक सोसले नाही, तर दुसरे किंवा कमी डोस अनेकांना सोसतो.

गैरसमज : रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद.
वस्तुस्थिती : तो रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो. ती थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वर चढते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्वास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले, ते पाच वर्षांहून अधिक काळ रोज गोळी घेऊन. म्हणून डॉक्टरांना ‘कितीची गोळी?’ विचारण्याआधी विचारावे, ‘माझे एलडीएल किती असायला हवे?’