जंतू आणि औषध – ४ : आधी नमुना, मग औषध

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे म्हणतात, ‘उन्हाळी लागली.’ मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, वाळा. पाणी पोटात जातं हे चांगलंच. पण सोबत ताप असेल तर उन्हाळी समजून थांबू नये. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. मोठं मूल ‘शू करताना दुखतं’ असं सांगतं तरी. तान्ह्या बाळाला मात्र नुसता ताप येतो. सर्दी नाही, खोकला नाही. ते किरकिरतं, उलट्या करतं, दूध ओढत नाही.

या संसर्गामागे बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू असतो. १८८५ साली थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने तो तान्ह्या मुलांच्या शीमध्ये शोधला. आतड्यात तो आपल्यासोबत गुण्यागोविंदाने नांदतो. तिथून मूत्रमार्गात शिरला की त्रास सुरू होतो.

औषधाला दाद न देण्याचा गुण एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. ही देवघेव आतड्यातही चालते. विषाणूमुळे झालेल्या सर्दी-खोकल्यावर उगाच दिलेलं अँटिबायोटिक घशापाशी थांबत नाही. आतड्यातले दुबळे जंतू त्याने मरतात, चिवट तेवढे उरतात. पुढे काही महिन्यांनी त्यांच्यातलाच एखादा मूत्रमार्गात पोचला, की नेहमीचं सिरप देऊनही ताप हटत नाही. रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ अशी अक्षरं दिसली, तर समजावं की हा जंतू पेनिसिलिन आणि सेफलोस्पोरिन गटांतली बरीच औषधं मोडून टाकणारं विकर तयार करतो.

हे कळतं लघवीच्या कल्चरमधून. प्रयोगशाळेत आधी जंतू वाढवतात. मग त्या थरावर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात. जिच्याभोवती पुरेसं मोकळं वर्तुळ पडतं, ते औषध ‘सेन्सिटिव्ह’. जिच्या कडेपर्यंत जंतू वाढतात, ते ‘रेझिस्टंट’. याला दोन-तीन दिवस लागतात. तापलेल्या बाळाला तेवढं थांबवता येत नाही, कारण उशीर झाला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. म्हणून डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडल्यास बदलतात.

पण नमुना पहिल्या डोसाआधीच घ्यायला हवा. घरात उरलेल्या बाटलीतले दोन चमचे ‘तोवर असू दे’ म्हणून पाजले, की कल्चरमध्ये जंतू उगवतच नाहीत, आणि शरीरातले मात्र शाबूत असू शकतात. मोठ्या मुलाची मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत घ्यावी आणि लगेच पोचवावी. बाळाला चिकटवलेल्या पिशवीत कातडीवरचे जंतूही मिसळतात. त्यामुळे डॉक्टर नळीने नमुना घ्यायचं म्हणाले तर घाबरू नये.

रिपोर्ट वाचून औषध मात्र आपण ठरवायचं नाही. नायट्रोफ्युरँटोइनपुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं असलं, तरी ते मूत्राशयातल्या संसर्गावर चालतं; मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या संसर्गावर नाही.

संसर्ग पुन्हा पुन्हा का होतो, हे पुढच्या आठवड्यात. तोवर मुलाची शाळेची पाण्याची बाटली रोज उघडून बघा. ती भरलेलीच परत येत असेल, तर आधी विचारा, शाळेतलं स्वच्छतागृह कसं आहे?