मेथीचा वास

आमचे घर माळव्यावर चालते. पहाटे आईबरोबर मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि पहिल्या एस. टी.ने कॉलेज गाठायचे, हा माझा क्रम. गेल्या वर्षी वर्गात शिरताच मागच्या बाकावरून शब्द आले, "मंडई आली!" तेव्हापासून मी हात साबणाने घासून येऊ लागले. वास काही गेला नाही. तो का जात नाही, याचा शोध घेता घेता ग्रंथालयात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवते.

मेथी शिंबावंत कुलातली, म्हणजे हरभरा, तूर, वाटाणा यांच्या नात्यातली. तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ट्रायगोनेला, म्हणजे छोटा त्रिकोण. हे नाव फुलाच्या आकारावरून पडले. आपल्या मेथीचे पुढचे नाव फीनम-ग्रीकम. त्याचा अर्थ 'ग्रीक गवत'! रोमन लोक ती जनावरांना घालीत. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात केटोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात ती चाऱ्याच्या पिकांत गणली आहे. १७५३ साली लिनीअसने हेच नाव कायम केले.

या प्रजातीतील इतर जातीही सुगंधी आहेत. कसुरी मेथी ही वेगळी जात; तिचे नाव आज पाकिस्तानात असलेल्या कसूर गावावरून आले. निळ्या फुलांची मेथी जॉर्जिया देशात मसाल्यात घालतात, तर स्वित्झर्लंडच्या ग्लारूस भागात तिच्यामुळे एका चीजला हिरवा रंग आणि वास येतो.

आता वासाचे कारण. मेथीच्या दाण्यांत आणि वाळल्या पानांत सोटोलोन नावाचे द्रव्य असते. ते अत्यल्प असले तरी नाकाला कळते. दाणे पोटात गेले की घामालाही तोच वास येतो. बारा महिने मेथी खाणाऱ्या घरात नुसते हात धुऊन काय होणार! २००५ सालापासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून पाकासारखा गोड वास पसरे आणि लोक घाबरून तक्रारी करीत. २००९ साली उलगडा झाला : शेजारच्या न्यू जर्सीत मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातून तो येत होता.

आणखी एक गोष्ट. बियाण्याला राखलेली मेथी निघाली, की त्या वाफ्यात पुढचे पीक जोमाने येते, असे आई नेहमी सांगते. पुस्तक म्हणते, मेथीच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात. मुळे कुजली की त्यातला काही जमिनीला मिळतो. आई शाळेत गेलेली नाही. पुस्तकाला जे कारण ठाऊक, त्याचे फळ तिला आधीच ठाऊक होते.

हा लेख मी तिला वाचून दाखवला. 'ग्रीक गवता'शी येताच तिने हातातली जुडी खाली ठेवली. "गवत कसलं? गवत कुणी लसणाची फोडणी देऊन खातं का?"

याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. हात घासणे मात्र मी आता सोडून दिले आहे.

— द्वितीय वर्ष, कला