विश्लेषण : २४ कोटी डॉलरचा फलंदाज नेमका कधी ‘संपला’? बेसबॉलमध्ये घसरण आकड्यांतून कशी ओळखतात?

६ मे २०२१ रोजी लॉस एंजेलिस एंजल्स संघाने अल्बर्ट पुजोल्सला बाहेरचा रस्ता दाखवला. वय ४१, त्या हंगामातील सरासरी .१९८ आणि दहा वर्षांच्या, २४ कोटी डॉलरच्या कराराचे जेमतेम पाच महिने शिल्लक. निर्णयाचे आश्चर्य फारसे कोणाला वाटले नाही. उरला तो प्रश्न असा, की हे आधी कळायला हवे होते का, आणि किती आधी?

पुजोल्स एवढा मोठा का?

डॉमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेल्या पुजोल्सची १९९९च्या निवड प्रक्रियेत तब्बल १३व्या फेरीत वर्णी लागली. मात्र, २००१मध्ये पदार्पणातच त्याने ३७ होमरन आणि .३२९ची सरासरी नोंदवली. क्रिकेटमध्ये सरासरी म्हणजे प्रत्येक बादमागे काढलेल्या धावा; बेसबॉलमध्ये ती यशस्वी फटक्यांचे प्रमाण सांगते. .३२९ म्हणजे हजार प्रयत्नांत ३२९ हिट. हजारात तीनशेचा टप्पा गाठणारा तिथे उत्तम फलंदाज मानला जातो. सेंट लुइस कार्डिनल्सकडून खेळलेल्या ११ हंगामांत पुजोल्सची सरासरी .३२८ राहिली. ४४५ होमरन, तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि दोन विश्व मालिका विजेतेपदे हीदेखील त्याच काळातली कमाई.

करार झाला तेव्हा आकडे काय सांगत होते?

ऑक्टोबर २०११मध्ये विश्व मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात पुजोल्सने तीन होमरन मारले. त्यापूर्वी विश्व मालिकेच्या एका सामन्यात अशी कामगिरी बेब रूथ आणि रेगी जॅक्सन यांनाच जमली होती. दीड महिन्यात एंजल्सने त्याला करारबद्ध केले. तीन होमरन साऱ्या देशाने पाहिले होते. त्याच वेळी एक रकाना मात्र शांतपणे खाली येत होता.

हा रकाना ‘ऑन-बेस’ टक्केवारीचा. फलंदाज हिट मारून, चार चुकीचे चेंडू सोडून मिळालेल्या ‘वॉक’मुळे किंवा चेंडू अंगावर लागल्याने किती वेळा बेसवर पोहोचतो, हे त्यातून कळते. २००८ ते २०११ या चार हंगामांत पुजोल्सचे हे आकडे .४६२, .४४३, .४१४ आणि .३६६ असे होते. एंजल्सकडून पहिल्याच वर्षी ते .३४३ झाले. सलग चार वर्षे खाली जाणारी पायरी.

त्यातही वॉकची संख्या बोलकी होती. २००९मध्ये त्याला ११५ वॉक मिळाले. त्यातील ४४ प्रतिस्पर्ध्यांनी मुद्दाम दिलेले होते, म्हणजे ‘याच्याशी पंगाच नको’ अशी कबुली. २०११मध्ये एकूण वॉक ६१ आणि मुद्दाम दिलेले अवघे १५. पिचरांची भीती ओसरत होती. मुद्दाम दिलेले वॉक वगळले, तरी उरलेले ७१ वरून ४६ वर आले होते. म्हणजे सोडायला हवे असे चेंडूही तो आता खेळू लागला होता.

अर्थात, तेव्हा दुसरे स्पष्टीकरणही हाताशी होते. २०११च्या जूनमध्ये त्याच्या डाव्या मनगटाला फ्रॅक्चर झाले होते. वाईट हंगामाला कारण सापडतेच, आणि बहुतेकदा ते खरेही असते. म्हणूनच एका वर्षाच्या आकड्यांवरून वय झाले की दुखापत नडली, हे सांगणे अवघड जाते.

फलंदाजीची सरासरी का फसवते?

.२५० आणि .२७५ या सरासरींत केवढे अंतर वाटते! प्रत्यक्षात ५०० प्रयत्नांत हा फरक १२-१३ हिटचा, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या हंगामात दोन आठवड्यांत एका हिटचा. एखादा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या बोटांना चाटून गेला की हिट, ग्लोव्हमध्ये बसला की बाद. ५०० प्रयत्नांत निव्वळ योगायोगाने सरासरी २० गुणांनी वर-खाली होणे अगदी सामान्य आहे. त्यामुळे विश्लेषक सरासरीआधी वॉक आणि स्ट्राइकआऊटचे प्रमाण पाहतात. त्यात क्षेत्ररक्षकाचा हात लागत नाही आणि चित्र काही आठवड्यांतच स्थिरावू लागते. २०१५पासून सर्व मैदानांत ‘स्टॅटकास्ट’ यंत्रणा आली आणि चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला, खेळाडू किती वेगाने धावला, हेही मोजले जाऊ लागले.

आरबीआयची शंभरी, तरी संघावर ओझे?

२०१७चा हंगाम हे या साऱ्याचे सर्वांत ठळक उदाहरण. पुजोल्सने २३ होमरन मारले आणि १०१ ‘आरबीआय’ नोंदवले, म्हणजे त्याच्या फलंदाजीवर १०१ धावा झाल्या. जुन्या चाहत्यांच्या लेखी शंभरी पार म्हणजे वर्ष चांगले. पण त्याची सरासरी होती .२४१ आणि ऑन-बेस टक्केवारी .२८६. होमरन वगळता आरबीआय मिळण्यासाठी आधी कोणीतरी बेसवर असावे लागते. एंजल्सकडे माइक ट्राउट होता, आणि त्याची त्या वर्षीची ऑन-बेस टक्केवारी होती .४४२. थोडक्यात, पुजोल्सला संधीच भरपूर मिळत होत्या.

अशा वेळी ‘वॉर’ हा निकष कामाला येतो. सहज आणि स्वस्तात मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत हा खेळाडू संघाला किती विजय जास्त मिळवून देतो, याचा तो अंदाज. २०१७मध्ये पुजोल्सचा वॉर उणे दोनच्या आसपास होता. कनिष्ठ संघातून कोणालाही बोलावले असते, तरी संघाचे अधिक बरे झाले असते, असा त्याचा अर्थ.

नजर गेली की पाय?

वय वाढलेला फलंदाज म्हणजे मंदावलेली नजर, असा समज आहे. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. हात किंचित मंदावला, तरी फलंदाजाला बॅट फिरवण्याचा निर्णय आधी घ्यावा लागतो आणि बाहेर वळणाऱ्या चेंडूंना तो फसतो. पुजोल्सचे वॉक घटण्यामागे हेही असावे. पण २०१७मध्येही तो साधारण सात संधींतून एकदाच स्ट्राइकआऊट होत होता. चेंडू बॅटला लागत होता. साथ सोडली होती ती पायांनी. तळव्याच्या दुखण्याने २०१३चा हंगाम अर्ध्यावर संपला आणि पुढे तो लीगमधील सर्वांत मंद धावपटूंपैकी एक झाला. क्षेत्ररक्षक निर्धास्तपणे मागे उभे राहू लागले. एका फटक्यावर दोघे बाद होण्याचा नकोसा विक्रमही त्याच्याच नावावर आहे : कारकीर्दीत ४२६ वेळा.

वयाचा आलेख कितपत विश्वासार्ह?

बिल जेम्स यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच फलंदाजाचे शिखर २७ वर्षांच्या आसपास असल्याचे मांडले. हा आकडा अनेकांचा मिळून काढलेला आहे आणि त्यात एक मेख आहे. जे लवकर संपतात ते संघाबाहेर जातात, पस्तिशीनंतरच्या नोंदींत मुख्यतः टिकलेलेच उरतात. त्यामुळे म्हातारपण आहे त्याहून सुसह्य दिसते. पुजोल्सला ४१व्या वर्षापर्यंत पैसे कबूल करणाऱ्यांनी ही मेख गांभीर्याने घेतली होती, असे वाटत नाही. त्याच्या काळात एंजल्स केवळ एकदा, २०१४मध्ये, बाद फेरीत पोहोचले आणि तीनही सामने हरले.

मग २०२२मध्ये काय घडले?

एंजल्सने सोडल्यावर लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला घेतले आणि मुख्यतः डावखुऱ्या पिचरांविरुद्ध वापरले. पुढच्या वर्षी कार्डिनल्सने २५ लाख डॉलरवर एका वर्षासाठी परत बोलावले. जुलैतील ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत सरासरी .२१५ आणि सहाच होमरन. कोणत्याही मॉडेलने इथे पूर्णविराम दिला असता. त्यानंतर ४२ वर्षांच्या पुजोल्सने आणखी १८ होमरन मारले आणि हंगामअखेर सरासरी .२७० वर नेली. या उत्तरार्धात त्याला दोनशेहूनही कमी संधी मिळाल्या. एवढ्या छोट्या नमुन्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे आधीची दहा वर्षे खोटी ठरत नाहीत. पण सोयीचे पिचर निवडून दिले, तर उरलेली ताकद किती कामी येते, हे त्यातून दिसले.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी, एंजल्सच्या मैदानापासून सुमारे ५० किलोमीटरवरील डॉजर स्टेडियममध्ये त्याने कारकीर्दीतील ६९९वा होमरन मारला, तो डावखुऱ्या अँड्र्यू हीनीच्या चेंडूवर. पुढच्याच डावात ७००वा आला. तो मात्र उजव्या हाताने टाकणाऱ्या फिल बिकफर्डला.